सरकी चौकातली एकोणीस नावं

हिंगणघाट
सोमवार, २ डिसेंबर २०२४

चि. सौ. रुचिकाले तिच्या सासूचा आशीर्वाद. घ्यायचा तं घे, नाई तं फ्रिजवर ठेवून दे. खराब होणारी वस्तू नाई.

तू माहा फोन उचलत नाई. मेसेज टाकला तं दोन निळ्या खुणा दिसतात अन् मंग तीन-तीन महिने काई नाई. म्हणून हे पोस्टानं. खिडकीवरची पोट्टी म्हणे, "आजी, आता कोण पत्र लिहिते?" मी म्हटलं, "बाई, ज्याचा फोन कोणी उचलत नाई तो लिहिते." ती हसली. मी नाई हसली.

प्रफुल दिवाळीत आलता. एकटाच. सकाळच्या गाडीनं आला, चिवडा खाल्ला, माह्या बीपीच्या गोळ्या पाहिल्या अन् संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीले परत. आचलले काऊन नाई आणलं विचारलं तं म्हणे शाळा आहे. दिवाळीत कोणती शाळा असते बाप्पा? माह्या पोराले खोटं बी धड बोलता येत नाई. तीन वर्षं होत आली, मी माह्या नातीले फोटोतच पाहून राह्यली. तिचा डावा हात आता कितपत सरळ होते, ते बी तो सांगत नाई. "ठीक आहे" म्हणते अन् दुसरा विषय काढते.

पण त्याच्यासाठी हे पत्र नाई. मागचं मी उकरत नाई. स्कूटीवर तू होती, पुढे आचल उभी होती, जिनिंगच्या कारखान्याकडून कापसाची ट्रॉली आली अन् जे व्हायचं ते झालं. दवाखान्यात मी सगळ्यांसमोर म्हटलं, "डोळे कुठं होते हिचे?" रागात होती, बोलून गेली. प्रफुल माहंच ऐकते लहानपणापासून, त्यानं बी तेच धरलं. महिन्याभरात बदली मागून तुमी गेले. झालं ते झालं.

पत्र याच्यासाठी, की आपल्या सरकी चौकातल्या पाट्या काढून राह्यले. सगळ्या!

तुले आठवतच असंल चौक. चार रस्ते अन् मधात लोखंडाचं जंगल. कोपऱ्यावर आपलं बारदान्याचं, रिकाम्या पोत्यांचं दुकान, समोर शोभाबाईचं धान्याचं. ह्या शोभाबाईनंच ते खूळ आणलं. पहिले आपल्यात कोणी गेलं की घरचे देवळात बाक द्यायचे, नाई तं पाण्याचा रांजण ठेवायचे. शोभाबाईचा नवरा गेला तं तिनं तेराव्याले चौकात बॅरिकेट दिलं. लोखंडी, चाकाचं, वर नाव, फोटो, "स्मरणार्थ". येणारा-जाणारा वाचते. झालं! मंग कोण मागं राहते? ज्याच्या त्याच्या घरी कोणी मेलं की चौकात एक बॅरिकेट. तुहे सासरे गेले तवा मी बी दिलं. सगळ्यात मोठं दिलं, सहा फुटी. "कै. ताराचंदजी यांच्या स्मरणार्थ. हळू जा, घरी कोणी वाट पाहते." ते वाक्य माहं होतं. लोकं थांबून वाचायचे.

एकोणीस झाले मोजून. त्याच्यात कठडे वेगळे, बंद पडलेला सिग्नल वेगळा, "शाळा पुढे आहे", "वळण आहे", "थांबा", "थांबू नका", सगळं वेगळं.

आता काजल नावाची एक इंजिनिअर आली. नाचणगावच्या प्रेमदासजींची लेक. म्हणते, तीन महिने चौक मोकळा करून पाहू. पाटी नाई, कठडा नाई, काईच नाई. अपघात कमी होतील. मी म्हटलं, "बाई, डोक्यावर पडली का?" ती म्हणे, "काकू, पाटी असली की माणूस पाटीवर भरवसा टाकतो. पाटी नसली की समोरच्याकडे बघतो." मी म्हटलं, "बाकीच्या अठरा न्या. ताराचंदजीले हात लावला तं मी खुर्ची टाकून आडवी बसीन."

उद्यापासून बसणार आहे. तुले काऊन सांगून राह्यली, माहीत नाई. दुसरं कोण आहे सांगायले.

तुही सासू
सुलोचना

•

हिंगणघाट
सोमवार, १६ डिसेंबर २०२४

चि. सौ. रुचिका,

पत्र परत नाई आलं, म्हणजे भेटलं. एवढं बी माह्यासाठी खूप झालं.

मी बसली. नऊ दिवस बसली. सकाळी दुकान उघडलं की आपल्या दुकानातले बंडूजी खुर्ची न्यायचे, मी माह्या पाटीपुढे बसायची. बंडूजी आता पार वाकले, पण पोत्याची थप्पी अजून त्यांच्यासारखी कोणी लावत नाई. ते म्हणत, "बाई, लोकं हसून राह्यले जी." मी म्हटलं, "हसू द्या. थंडीत हसलं की ऊब येते."

अठरा पाट्या गेल्या. अन् गंमत सांगू? न्यायले घरची लोकं आली, पण ठेवाव्या कुठं, कोणाले समजेना. घरात बापाचा फोटो चालते, सहा फुटी लोखंड कोण ठेवते? एकाची जिन्याखाली गेली. एकाची वावरात गेली. शोभाबाईनं तं तिच्या मिस्टरांची पाटी शेळ्यांच्या खोपटाले दार म्हणून लावली. मले म्हणे, "सुलोचनाबाई, आता ते घराची राखण करतात." मी तिच्या तोंडावर नाई हसली. घरी येऊन मस्त हसली.

काजल रोज यायची. भांडायची नाई, हीच तिची खोड. भांडली असती तं मी जिंकली असती. ती आपली वही घेऊन उभी राहायची. कोणती गाडी कुठून आली, कोणी कोणाकडे पाहिलं, सगळं लिहायची. मधात मले म्हणायची, "काकू, चहा झाला का?" चहा मीच पाजायची, काय करता! तिची माय नाई, वारली. जेवण बी धड करत नाई. तिसऱ्या दिवसापासून तिचा डबा माह्याकडेच सुरू झाला.

नवव्या दिवशी ती एक स्टूल घेऊन आली. बुटकं. जिनिंगच्या रस्त्याकडे तोंड करून ठेवलं अन् म्हणे, "काकू, पाच मिनिटं इथे बसा ना. स्कूटीवर बसलं की डोळे एवढ्याच उंचीवर येतात." मी म्हटलं, "मले नाई बसायचं." ती म्हणे, "बरं." अन् उभीच राहिली, स्टूल तिथंच. आता असं स्टूल समोर ठेवलं तं माणूस किती वेळ नाई बसणार?

बसली. पाच मिनिटं पुरी नाई झाली, उठली.

गुडघे दुखत होते. तुले माहीतच आहे माहे गुडघे.

बंडूजीले सांगितलं, "उचला पाटी. गोदामात नेऊन ठेवा." ते माह्याकडे पाहतच राह्यले. काई बोलले नाई. त्यांनी अन् दोन हमालांनी उचलली, खडखड करत नेली. काजलनं माहा हात धरला तं मी सोडवून घेतला.

आता चौक एकदम भुंडा दिसते. डोक्यावरचे केस काढल्यावर पोट्टं दिसते ना, तसा. सवय नाई.

तुह्या माहेरी सगळे बरे असतील. आचलले थंडीत कानटोपी घाल. ती काढून टाकते, मले माहीत आहे, तरी घाल.

सुलोचना

•

हिंगणघाट
रविवार, ५ जानेवारी २०२५

रुचिका बाई,

आज मन खुश आहे म्हणून लिहायले बसली. कोणाले तरी सांगितल्याबिगर राहवत नाई.

चौक पाहायले पाहिजे तू. पहिल्या दिवशी काय तमाशा झाला! जिनिंगकडून कापसाची ट्रॉली, बाजाराकडून एसटी, इकडून बैलगाडी, तिकडून एक मास्तर सायकलवर. चौघं आले अन् चौघंबी थांबले. कोणाले समजेना, पहिले कोण. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणे, "जा ना जी." ट्रॉलीवाला म्हणे, "तुमी जा, तुमच्या गाडीत लोकं आहेत." मास्तर म्हणे, "मी थांबतो, मले घाई नाई." मंग बैलंच निघाले. त्यांनी कोणाले विचारलं नाई.

मी दुकानातून हे पाहिलं अन् पोट धरून हसली. बंडूजी म्हणे, "बाई, लखनौचे झाले आपले लोकं."

पण खरं सांगते, चार दिवसांत जमलं. आता गाडीवाला चौक आला की आपोआप रेसवरचा पाय उचलते, मान फिरवते, समोरच्याकडे पाहते. हात दाखवते. कोणी मान हलवते. पहिले हॉर्न वाजवून-वाजवून माहे कान बसलते. आता गिऱ्हाईक हळू बोललं तरी ऐकू येते. अनुसयाबाई, ती बोरंवाली, पहिले कठड्याआड बसायची, कोणाले दिसायची नाई. आता मोकळ्यावर बसते अन् म्हणते, "माह्या बोरांले पहिल्यांदा लोकांचे डोळे लागले." मागच्या हंगामात डिसेंबरात एकट्या आपल्या चौकात सात जण पडले होते, काजलच्या वहीत आहे. औंदा एक. तो बी बोरं पाहता-पाहता सायकलवरून पडला, अनुसयाबाईच्या टोपल्यात. खरचटलं बी नाई, पावशेर बोरं घेऊन गेला.

काजल म्हणते, तीन महिने असंच राह्यलं तं चौक कायमचा असाच ठेवतील. मले वाटते ठेवावा.

हो. मीच लिहून राह्यली हे. तुह्या सासूनंच लिहिलं. जरा पाणी पी.

रोज संध्याकाळी मी आता चौक ओलांडून पलीकडे जाते. काई काम नसते. शोभाबाईच्या ओट्यावर बसते, तिच्या चहाले नावं ठेवते अन् परत येते. पहिले मी हा रस्ता कधी एकटी ओलांडला नाई, बंडूजी लागायचे. आता पाय टाकला की ट्रॉलीवाला माह्याकडे पाहते, मी त्याच्याकडे पाहते, तो थांबते. कोण कुठला पोरगा, नाव माहीत नाई, पण त्यानं मले पाहिलं हे समजते. लय बरं वाटते गं. ह्या वयात बाईकडे कोण पाहते?

दवाखान्यातलं ते वाक्य मी बोलायले नव्हतं पाहिजे. हे बी लिहायचं होतं. तुह्या खांद्याचं हाड मोडलं होतं, तुले शुद्ध धड नव्हती, अन् मी उभ्या-उभ्या बोलली. तुही माय तिथंच होती. तिनं पदर तोंडाले लावला, ते मले अजून दिसते.

इतकं आज पुरे. सगळं एका दिवशी बोलवत नाई.

संक्रांतीचा तिळगूळ वेगळ्या डब्यात पाठवते. आचलसाठी कोथिंबिरीची सांबारवडी पाठवायची होती, पण पोस्टात ती टिकत नाई.

सुलोचना

•

हिंगणघाट
रविवार, १९ जानेवारी २०२५

रुचिका,

आज तारीख पाहिलीच असशील. तीन वर्षं झाली.

सकाळपासून तीन कागद फाडले. हा चौथा. हा नाई फाडणार, कसाबी लिहिला तरी पाठवीन.

त्या स्टुलावरून मी गुडघ्यासाठी नाई उठली.

तुले सगळं पहिल्यापासून सांगते. आपली पाटी पहिले शोभाबाईच्या पाटीच्या मागं होती. मी सहा फुटी केली, कायले? तं तिच्या मागून बी दिसावी म्हणून. पण दुकानात गादीवर बसलं की मले ताराचंदजींचं अर्धंच नाव दिसायचं, "चंदजी". बाकीचं तिच्या नवऱ्याच्या फोटोआड. रोज ते पाहून माहं डोकं फिरायचं. ज्या माणसानं चाळीस वर्षं ह्या चौकात दुकान चालवलं त्याचं नाव अर्धं? अन् शोभाबाई मुद्दाम म्हणायची, "तुमच्या मिस्टरांची पाटी कोणती हो?"

त्या वर्षी १८ जानेवारीले दुपारी मी बंडूजीले म्हटलं, "पाटी काढा अन् जिनिंगच्या तोंडाशी नेऊन लावा. अगदी कोपऱ्यावर. तिथं कोणी आडवं येणार नाई." ते म्हणाले, "बाई, तिथं वळणावर बरोबर नाई वाटत." मी म्हटलं, "बरोबर-चूक मले शिकवू नका." त्यांनी नेली. चाकांले दगड लावले. मी गादीवर बसून पाहिलं, पूर्ण नाव दिसत होतं. इतकं समाधान झालं, की त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी तू आचलले घेऊन बांगड्या आणायले निघाली. हळदीकुंकू होतं आपल्याकडे. ट्रॉली त्याच कोपऱ्यावरून आली.

काजलच्या स्टुलावर बसली तवा मी समोर पाहिलं. पाटी तवा कोपऱ्यावर नव्हती, जुन्याच जागी होती, तरी त्या उंचीवरून मले पाटीच दिसली. पुरी पाटी, फोटो, नाव, माहं वाक्य. त्याच्यामागून ट्रॉली आली ती मले तवा दिसली, जवा तिचं चाक माह्या पायापासून चार हातावर होतं. काजल बाजूले उभी होती म्हणून मी बसून होती, नाई तं ओरडली असती. मी तिथं डोळे असून आंधळी होऊन बसली होती रुचिका. तुले काईच दिसलं नसंल. दिसणारच नव्हतं.

हे मले स्टुलावर समजलं असं लिहिलं तं तेबी अर्धंच खरं. मले त्याच दिवशी समजलं होतं. तुमाले रिक्षात घालून नेलं अन् मी चौकात उभी होती, तवाच मले ते समजलं. दवाखान्यात जाईपर्यंत मी त्याच्यावर तुह्या डोळ्याचं झाकण घातलं. संध्याकाळी बंडूजीले म्हटलं, "पाटी पहिल्या जागी न्या, अन् कोणाले सांगायचं नाई." ते बिचारे तीन वर्षं माह्याकडे नीट पाहत नाईत. पाटी उचला म्हटलं त्या दिवशी ते बोलले नाई ते याच्यासाठी.

माह्या नातीच्या हाताचा गुन्हा तुह्या नावावर आहे. सगळ्या नातेवाईकांत आहे. माह्या पोराच्या मनात आहे. तो माहा होता.

माफ कर म्हणायले मले जमते का नाई, माहीत नाई. साठ वर्षांत कोणाले म्हटलं नाई. माफ कर.

हे पत्र प्रफुलले दाखव. तो माह्याशी बोलला नाई तरी चालंल.

सुलोचना

•

हिंगणघाट
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

चि. प्रफुल,

हे पत्र तुह्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवून राह्यली. घरी पाठवलं तं रुचिका लपवून ठेवील. मागच्या पत्राचं तिनं तेच केलं.

परवा रविवारी ती मावसबहिणीकडे जाते म्हणून सांगून गेली ना? ती माह्याकडे आलती. आचलले घेऊन. तिच्यावर रागावू नको. रागावायची पाळी आता तुही नाई.

मी दुकानात होती. चौकाच्या पलीकडे एसटीतून दोघी उतरल्या. मी ओळखलं अन् गादीवरूनच पाहत राह्यली. आचल केवढी झाली रे! ती चौकाच्या काठाशी उभी राहिली, दोन्हीकडे पाहिलं, अन् हात वर केला. डावा. तो कोपरात वाकडाच राहते वर केला तरी. तेवढ्यात कापसाची ट्रॉली आली. त्या पोरानं तिच्याकडे पाहिलं, ट्रॉली थांबवली, अन् मान हलवली. ती बी मान हलवून सरळ चालत आली, मायचा हात धरून. दुकानात येऊन मले म्हणते, "आजी, त्यानं मला पाहिलं!" मी तिले अशी धरली, की ती म्हणे, "आजी, दुखते ना!"

बंडूजीनं तिले पोत्याच्या थप्पीवर बसवलं अन् मी अन् रुचिका मागं गोदामात गेलो. आता ऐक, तिथं काय झालं ते.

तीन वर्षांमागं, १८ जानेवारीले तुह्या बाबांची पाटी मी वळणावर हलवून ठेवली होती. माहं मन नाव दिसण्यात होतं. दुसऱ्या दिवशी ट्रॉली त्याच पाटीच्या आडून आली. रुचिकाले ती दिसणं शक्य नव्हतं. संध्याकाळी मी पाटी परत पहिल्या जागी नेऊन ठेवली अन् तुले सांगितलं, हिचं लक्ष नव्हतं. हे सगळं मी तिले पत्रात लिहिलं अन् म्हटलं, प्रफुलले दाखव.

गोदामात मी तिच्या पायाशी बसायले गेली तं तिनं मले पोत्यावर बसवलं. म्हणाली, "आई, मला माहीत होतं."

मले वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, "मी वर गॅलरीत कपडे वाळत घालत होते. बंडूजी पाटी नेत होते, तुम्ही ओट्यावरून सांगत होत्या. सगळं पाहिलं. मग मीसुद्धा पाटीकडे पाहिलं, आणि वाटलं, बाबांचं नाव आता छान दिसतंय. ट्रॉली दिसणार नाही, हे मला तरी कुठे सुचलं?"

मी म्हटलं, "मंग बाई, सांगितलं काऊन नाई? तीन वर्षं? तुहा नवरा तुले दोष देऊन राह्यला!"

ती म्हणाली, "नवरा माझ्यावर रागावला तर दोन दिवसांनी जेवायला मागतो. आईवर रागावला की रागावलेलाच राहतो. त्यांना तुम्ही एकच आहात." मंग म्हणे, "आणि तुमचे फोन मी त्यासाठी घेत नव्हते, की घेतला तर मीच बोलून टाकीन. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

मी खूप रडली. तिनं मले रडू दिलं. मंग दोघींनी मिळून आचलसाठी सांबारवडी केली. पोट्टीनं सहा खाल्ल्या. काजल आली, तिनं आचलले वही दिली अन् म्हटलं, कोण कोणाकडे पाहते ते लिही. ती तासभर ओट्यावर बसून लिहीत होती. शोभाबाई पलीकडून ओरडली, "नात आली का?" मी म्हटलं, "सून बी आली." सगळ्या चौकाले ऐकू गेलं. इतक्या वर्षांत माहा इतका चांगला रविवार गेला नाई.

निघताना रुचिका म्हणाली, "आई, यांना सांगू नका. झालं ते आपल्या दोघींत राहू द्या." मी हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा सुनेचं सगळं ऐकायचं ठरवलं होतं, अन् पहिल्याच गोष्टीत मी तिले फसवून राह्यली. तिनं आणखी एक दिवस बी हे उचलू नये म्हणून.

तुले माह्यावर राग येईल. येऊ दे. एक वर्ष ठेव, दोन ठेव, मी इथंच आहे, बरी आहे, रोज रस्ता ओलांडते. पण तू तीन वर्षं त्या बाईच्या ताटाशी बसून जेवला अन् तिच्याकडे एकदा बी नीट पाहिलं नाई, तेवढं तं तुहं स्वतःचं आहे. ते मी माह्या अंगावर घेणार नाई.

हे पत्र आज घरी गेल्यावर तिच्यासमोर मोठ्यानं वाच. आचल बी बसू दे जवळ. वाचून झाल्यावर तिले काय म्हणावं, हे विचारायले मले फोन करू नको.

तुही आई